व्हिडिओत कोण कोण दिसतंय?

2023 साली श्रावण दोन महिन्यांचा आला होता. 18 जुलैला अधिक श्रावण लागला, 16 ऑगस्टला संपला आणि मग निज श्रावण सुरू झाला. माझ्या वहिनीचं दादरला पोळी-भाजी केंद्र आहे, भवानी शंकर रोडच्या मागच्या एका गल्लीत, दहा बाय बाराच्या गाळ्यात. अधिक महिना म्हणजे तिच्या धंद्याचा मोसम. जावयाला 33 अनारशांचं वाण द्यायचं असतं आणि घरी अनारसे करत बसायला आता मुंबईत वेळ कोणाला आहे? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून जरा ओलसर असतानाच दळायचे, गूळ घालून पीठ डब्यात दाबून मुरत ठेवायचं. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, कढईभर विरघळून पसरला, की चार दिवसांची मेहनत गेली. वहिनीचे अनारसे हसत नाहीत अशी आमच्या भागात ख्याती आहे. त्या वर्षी तिच्या वहीत 41 घरांच्या ऑर्डरी होत्या.

जुलैच्या शेवटी तिला एका मुलाचा मेसेज आला. खाण्याच्या जागांचे व्हिडिओ करणारा, एकवीस-बावीस वर्षांचा, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारा. 'काकू, तुमच्या केंद्राचा मस्त व्हिडिओ करतो, कोलॅबचे 8 हजार होतील.' वहिनीने उत्तर दिलं, 'बाळा, आमच्याकडे येणारी माणसं आमच्याच गल्लीतली. जाहिरातीची गरज नाही. कधी या बाजूला आलास तर जेवून जा.' शेवटचं वाक्य ती सगळ्यांनाच लिहिते आणि मनापासून लिहिते. चार दिवसांनी तो खरंच आला, पोळी-भाजी घेतली, पैसे दिले, मोबाइल हातात धरून दोन मिनिटं इकडेतिकडे फिरला आणि गेला. 4 ऑगस्टच्या रात्री व्हिडिओ आला.

52 सेकंदांचा होता. सुरुवातीला गाळ्याची पाटी. मग ओट्यावरचं ओलं फडकं. मग पोळपाटावरचे हात, अगदी जवळून, चारेक सेकंद, आणि वर त्याचा आवाज, 'हे हात बघा. हेच हात तुमची पोळी लाटतात.' मग मेथीची भाजी, तिच्यात काळपट काहीतरी, त्याच्याभोवती लाल गोल. 'झुरळाचा पाय आहे का हा? कमेंटमध्ये सांगा.' फोडणीत करपलेली लसणाची पाकळी होती ती. ज्याने आयुष्यात एकदा तरी मेथी परतली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. पण तीन दिवसांत सव्वादोन लाख लोकांनी तो लाल गोल पाहिला आणि खाली ओकारीच्या चित्रांची रांग लागली.

41 पैकी 26 घरांनी अनारसे रद्द केले. रोजच्या साठ डब्यांचे तेवीस राहिले. ज्यांनी बंद केले त्यांतल्या बहुतेकांनी कारण सांगितलं नाही. 'सध्या सून घरीच आहे', 'पुढच्या महिन्यापासून बघू', असं. अनारशाचं पीठ टिकतं म्हणून ते वाया गेलं नाही, एवढंच. भिंतीवर अन्न परवान्याचा 14 आकडी नोंदणी क्रमांक चौकटीत लावलेला, त्याच्याखाली पिठाच्या भरलेल्या बरण्या ओळीने, आणि त्यांच्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेली वहिनी. मी संध्याकाळी गेले की हेच दिसायचं.

मी त्याच रात्री व्हिडिओ रिपोर्ट केला होता. बटण दाबलं की यादी येते: खोटी माहिती, छळ, द्वेष, हिंसा, नग्नता. त्यातलं एक निवडायचं. मी 'खोटी माहिती' निवडलं, कारण माझ्या डोक्यात लसूण होता. चार ओळी लिहायला जागा मिळेल असं वाटलं होतं, ती नव्हती. दोन दिवसांनी उत्तर आलं की आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. मग तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता शोधून काढला. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावलं, तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायचा असं ठरवलं. तरी समाधान झालं नाही तर 30 दिवसांत अपील समितीकडे जाता येतं. जानेवारी 2023 मध्येच केंद्र सरकारने अशा तीन समित्या नेमल्या होत्या. मला पोच वेळेत आली. निकालही वेळेत आला. एका ग्राहकाने मांडलेलं मत, असा.

तोवर घरात रोज रात्री खल चालू. दादा म्हणे पोलिसांत जाऊ. एका मामेभावाने तर '66अ लावा त्याला, सरळ आत जाईल' असं ठासून सांगितलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करू देणारं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलंय हे त्याच्या गावी नव्हतं. मला ते पक्कं आठवत होतं, कारण त्या खटल्याला निमित्त झालेली घटना आपल्या पालघरची. नोव्हेंबर 2012 मध्ये एका मुलीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. ती बातमी वाचून माझ्या पोटात कालवलं होतं. आता आपल्या घरावर बेतल्यावर तेच हत्यार हातात यावंसं वाटलं, हे मी त्या रात्री माझ्या बाबतीतही नाकारू शकत नव्हते. वकिलांनी सांगितलं, बदनामीची फिर्याद करता येईल, तेव्हाच्या दंड संहितेचं 500 कलम, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण तारखा पडत राहतील, तयारी ठेवा. आठ हजारांच्या मेसेजमध्ये धमकी नव्हती, म्हणून खंडणी म्हणणं कठीण. जाहिरात मानक परिषदेचे 2021 चे नियम आणि ग्राहक मंत्रालयाची जानेवारी 2023 ची मार्गदर्शिका, दोन्ही मी वाचून काढली. पैसे घेऊन केलेलं कौतुक लपवू नका, हे त्यांत स्वच्छ म्हटलंय. पैसे न मिळाल्यावर केलेल्या निंदेबद्दल मला तिथे काही सापडलं नाही.

मग मी जे केलं ते सांगायलाच हवं. मी एक लांबलचक पोस्ट लिहिली. त्याचं नाव, फोटो, कोलॅबच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, आणि लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून खाली त्याचा तो व्हिडिओ जोडला. पोस्ट तीन हजारांहून जास्त वेळा शेअर झाली. अनोळखी लोक लिहीत होते, 'ताई, आम्ही तुमच्यासोबत आहोत.' त्या रात्री मला आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दोन दिवसांत कोणीतरी त्याची बिल्डिंग शोधून काढली. त्याची आई एका बालवाडीत मदतनीस आहे, हेही शोधलं. बालवाडीत फोन जाऊ लागले: असल्या घरातल्या बाईच्या हाती मुलं कशी देता? त्या बाईंनी वहिनीचा नंबर मिळवून फोन केला. मुलाची बाजू त्यांनी मांडली नाही. एवढंच म्हणाल्या, 'माझ्या कामावर फोन करू नका म्हणावं. पोराने केलं ते केलं. मी काय केलंय?' वहिनीने फोन माझ्या हातात दिला. मी 'हॅलो' म्हणाले आणि पुढे मला एक शब्द सुचला नाही.

आमच्या ओळखीतल्या एक बाई आहेत. घरात मार खाणाऱ्या बायकांसोबत काम करण्यात त्यांची हयात गेली. मुंबईत या कामाची जुनी वाट आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासूनची. त्या पिढीतल्या या बाई. मी त्यांच्याकडे गेले ते पोस्ट काढावी की ठेवावी हे विचारायला. त्यांनी पोस्ट वाचलीच नाही. व्हिडिओ मागितला, दोनदा पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, 'यात कोण कोण दिसतंय?'

मी म्हटलं, पाटी दिसते, भाजी दिसते, वहिनी मागे ओझरती दिसते.

'आणि हे हात कोणाचे?'

हात मावशींचे. मावशी नालासोपाऱ्याहून पहाटेच्या गाडीने येतात, साडेपाचला कणीक मळायला घेतात, दहाच्या आत दोनशे पोळ्या करून ठेवतात. अनारसेही त्याच थापतात. वहिनीच्या अनारशांची ख्याती आहे ती मावशींच्या हातांची. त्यांच्या हातांवर कोड आहे. बोटांच्या पेरांवर, मनगटाभोवती, उजव्या अंगठ्यावर पांढरे चट्टे. कोड स्पर्शाने पसरत नाही, त्वचेचा रंग करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच असतं ते, आणि आपल्या समाजाला हे शंभरदा सांगूनही पुरत नाही. व्हिडिओतल्या लाल गोलाला लोक हसले होते. या हातांबद्दल त्यांनी काय काय लिहिलं होतं ते मी बाईंच्या घरी बसून पहिल्यांदा नीट वाचलं. त्यांतलं काहीही इथे परत लिहिणार नाही.

ते चार सेकंद मी किमान वीसदा पाहिले असतील. त्यांच्यासाठी मी रिपोर्ट केला नव्हता. माझ्या पोस्टमध्ये त्यांचा उल्लेख नव्हता. उलट तेच चार सेकंद मी आणखी तीन हजार ठिकाणी पोचवले होते.

बाई एका पद्धतीने काम करतात. तिला मराठीत पुनर्स्थापनात्मक न्याय म्हणतात, जीभ अडखळते म्हणून मी सांधणारा न्याय म्हणते. गोष्ट कॅनडातली सांगतात. 1974 मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या एल्मिरा नावाच्या गावात दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या. तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणारे परिवीक्षा अधिकारी मार्क यान्त्झी यांनी न्यायाधीशांना सुचवलं की यांना त्या घरांत पाठवून तर बघू. न्यायाधीशांनी मान्य केलं. पोरं दारोदार गेली, ज्यांच्या खिडक्या फोडल्या त्यांच्यासमोर उभी राहिली, नुकसान ऐकलं आणि पुढे भरूनही दिलं. हॉवर्ड झेर या अभ्यासकाने पुढे या पद्धतीचा पाया तीन प्रश्नांत मांडला: कोणाला दुखापत झाली? त्यांना आता कशाची गरज आहे? आणि ती भागवणं कोणाचं काम आहे? रिपोर्टच्या बटणामागे एकच प्रश्न असतो, कोणता नियम मोडला. माझ्या पोस्टमागेही एकच होता, याला शिक्षा कशी होईल. मावशी दोन्हींच्या बाहेर राहिल्या त्या अशा.

हे वाचताना कोणाच्या मनात पंचायत आली असेल तर मला ते समजतं. माझ्याही आली. चारचौघांत बसून मिटवून टाका, हे वाक्य या मातीत किती बायकांच्या गळ्यावर बसलेलं आहे! जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकलं म्हणून महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. 2007 च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झालेली तंटामुक्त गाव मोहीम चांगल्या हेतूची होती, पण मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गावाला बक्षीस म्हटलं की मिटण्याची घाई ज्याला झालेली असते तो क्वचितच मार खाल्लेला असतो. बाई तर याच्याशीच तीस वर्षं भांडल्या. त्यांची अट पहिल्याच दिवशी स्पष्ट होती. ज्याला दुखापत झाली त्याने बोलावलं तर बैठक, आणि त्याने कधीही 'पुरे' म्हटलं की बैठक संपली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा 2013 चा कायदा आहे ना, त्याच्या दहाव्या कलमात समेटाची सोय आहे. तीसुद्धा तक्रारदार बाईने स्वतः मागितली तरच, आणि पैशांच्या मोबदल्यावर समेट करता येत नाही. बाईंना ते कलम पाठ आहे.

आणि काही गोष्टी अशा बैठकीत आणायच्याच नाहीत. एखादा प्रसिद्ध मुलगा त्याच्या चाहत्या शाळकरी मुलींना रात्री मेसेज करतो, फोटो मागतो, तिथे बैठक नाही. तिथे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मोठ्या बायकांचंही तेच, त्यांना पोलिसांत जायचं असेल तर 'आधी बोलून बघू' म्हणणारे आपण कोण? ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबईतल्या विनोदी व्हिडिओ करणाऱ्यांच्या वर्तुळातल्या पुरुषांबद्दल बायका एकामागून एक लिहू लागल्या, तेव्हा मला वाटलं होतं की या सरळ तक्रार का करत नाहीत. कुठे करणार होत्या? कार्यालय असेल तर अंतर्गत समिती. फॉलोअर आणि यूट्यूबर यांच्यामध्ये कोणतं कार्यालय? त्यांनी उघड लिहिलं ते ठोठावायला दारच नव्हतं म्हणून. मी मात्र एका मुलाच्या घरावर गर्दी सोडली ती त्याच्या दारावर एकदाही टकटक न करता.

बाई आधी प्रत्येकाला वेगळं भेटल्या. यालाच तीन आठवडे गेले. मावशींनी पहिल्यांदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, 'त्याला विचारायचंय एकच, मग येते.' मुलगा यायला तयार होता, पण त्याला तिथे माफीचा व्हिडिओ करायचा होता. बाईंनी त्याला सांगितलं की मोबाइल दाराबाहेर राहील, चालत असेल तर ये. त्याच्या आईलाही बोलावलं. आणि मला. मी विचारलं, 'मी कशाला?' बाई म्हणाल्या, 'तुझ्याबद्दलही दोघांना बोलायचंय.'

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता, एका वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत बसलो. कोपऱ्यात कॅरम उभा करून ठेवलेला, बाहेर पाऊस, सहा खुर्च्या गोल. फोन सगळे एका स्टीलच्या डब्यात, झाकण लावून. बाईंनी त्यांचं चष्म्याचं घर काढलं. ते ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीच्यांनी ऐकायचं. प्रश्न चारच: काय झालं, तेव्हा मनात काय होतं, कोणाला काय सोसावं लागलं, आता काय व्हायला हवं.

मुलगा आधी भरभर बोलला. व्ह्यूज पडले होते, मोबाइलचा हप्ता होता, 'घाण जागा' म्हटलं की लोक बघतात हे कळलं होतं. भाजीतलं ते काय आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं, हे त्याने स्वतःहून सांगितलं. हातांचं विचारलं तेव्हा थांबला. 'जवळून घेतलं की चांगलं दिसतं,' म्हणाला, आणि मग स्वतःच्याच वाक्याकडे बघत राहिल्यासारखा गप्प झाला.

मावशींनी चष्म्याचं घर मांडीवर ठेवलं, दोन्ही हात त्यावर. 'माझा मुलगा अकरावीला आहे,' त्या म्हणाल्या. 'त्याच्या वर्गातल्या पोरांनी त्याला हे पाठवलं. आईचे हात म्हणून. तो दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही. रागाने नाही रे, त्याला रडू यायचं. मला तुला विचारायचंय, तू त्या दिवशी पोळी खाल्लीस ना? दोन खाल्ल्यास. मीच वाढल्या. तेव्हा माझे हात तुला दिसले नव्हते?'

तो काही बोलला नाही. बाईंनी त्याला बोलायला लावलंही नाही. पावसाचा आवाज तेवढा येत होता. मग मावशी वहिनीकडे वळल्या. मला वाटतं हे आमच्यापैकी कोणालाच अपेक्षित नव्हतं.

'आणि वहिनी, तुम्ही मला आत बसवलंत.'

ते खरं होतं. व्हिडिओनंतर चार-पाच गिऱ्हाइकांनी वहिनीला सांगितलं होतं की त्या बाईला पोळ्यांना ठेवू नका. वहिनीने मावशींना खिडकीजवळच्या पोळपाटावरून उठवून मागे तांदूळ निवडायला आणि भाजी चिरायला दिली होती. पगार तोच ठेवला होता. 'थोडे दिवस, वातावरण निवळेपर्यंत,' असं स्वतःला समजावलं होतं तिने, आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. बावीस वर्षं ज्या जागेवर बसून मावशींनी पोळ्या लाटल्या त्या जागेवरून त्यांना त्या मुलाने उठवलं नव्हतं. वहिनी तोंडाला पदर लावून रडली. मावशी नाही रडल्या. म्हणाल्या, 'रडू नका, मला परत बसवा.'

मुलाच्या आईची पाळी शेवटी आली. त्या माझ्याकडे बघून बोलल्या. बालवाडीने त्यांना काढलं नव्हतं, पण आठवडाभर घरी राहायला सांगितलं होतं. 'तुम्ही लिहिणाऱ्या आहात,' त्या म्हणाल्या. 'तुम्हाला एवढं चांगलं लिहिता येतं, तर माझ्या पोराचा फोटो लावताना त्याच्यामागे घर असतं हे कसं नाही आलं लक्षात?' मी क्षमा मागितली. त्यांनी मान हलवली. ती मान्य केल्याची खूण होती की नुसतं ऐकल्याची, मला सांगता येणार नाही.

शेवटी एका वहीच्या पानावर काय ठरलं ते लिहिलं. मुलाने व्हिडिओ काढायचा, पण काढून गप्प बसायचं नाही. त्याच चॅनलवर, तेवढ्याच लांबीचं, जाहिरात न लावता, स्वतःच्या तोंडाने सांगायचं की तो लसूण होता आणि आपण आठ हजार मागितले होते. मावशींचे हात त्यात नकोत, कोडाबद्दल प्रवचनही नको. ही मावशींची अट. 'माझ्यावर दया करणारा व्हिडिओ नको मला,' म्हणाल्या. या व्हिडिओवर त्याला जेमतेम 1,900 रुपये मिळाले होते, ते तो पाकिटात घालून घेऊन आला होता. मावशींनी पाकीट उघडलं नाही, परत केलं. त्याऐवजी त्यांनी काम दिलं: तो व्हिडिओ आणखी जिथे जिथे पसरलाय ते प्रत्येक ठिकाण शोध आणि त्या माणसाला लिही. माझ्या वाट्याला पोस्ट काढणं, आणि मी काय चुकले ते त्याच लोकांना सांगणं आलं. ज्यांनी मला 'आम्ही सोबत आहोत' लिहिलं होतं त्यांतले बरेच या वेळी चिडले. मुलगा पैसे देऊन सुटला असणार, असंही कोणी लिहिलं. वहिनीच्या वाट्याला काय आलं ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मावशी खिडकीजवळ होत्या.

सगळं जागेवर आलं असं नाही. डबे हळूहळू पन्नासपर्यंत चढले, साठ कधी झाले नाहीत. हात बघून न घेता गेलेली गिऱ्हाइकं आहेत. दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे पुन्हा बसलो तेव्हा मुलाने यादी आणली. व्हिडिओच्या 11 प्रती त्याला सापडल्या होत्या, सात जणांनी काढल्या, चार जणांनी उत्तर दिलं नाही. त्याने एकाला नऊ वेळा लिहिलं होतं. विशीतल्या पोराला त्याने सोडलेली गोष्ट परत गोळा करायला लावणं, यासारखा धडा मी कोणत्याही तुरुंगात कल्पू शकत नाही. त्याला चॅनल बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं. तो अजून व्हिडिओ करतो, आणि आता माणूस दिसणार असेल तर आधी विचारतो. एवढ्यावर मी त्याच्याबद्दल मत बनवत नाही.

मला सारखं वाटतं, त्या रिपोर्टच्या यादीत एक रकाना हवा होता: यात दिसणाऱ्या कोणाला तुम्ही ओळखता का, आणि त्यांना काय हवंय असं तुम्ही त्यांना विचारलंत का. यंत्राला याचं उत्तर वाचता येणार नाही, मान्य. पण लिहिणाऱ्याला ते लिहावं लागलं असतं. मी त्या रात्री ते लिहायला बसले असते तर मला उठून मावशींना फोन करावा लागला असता, आणि पुढचे कितीतरी दिवस वेगळे गेले असते. मुंबईत मराठी व्हिडिओ करणारी मुलं आता गल्लीगल्लीत आहेत, त्यांचे गट आहेत, भेटी होतात. त्यांनीच आपल्यातली दोन-तीन जाणती माणसं आणि बाईंसारखं कोणी बाहेरचं, असं मिळून तक्रार ऐकायची एक जागा करावी. गुन्हा असेल तर ती पोलिसांकडे पाठवावी, नसेल तर दुखावलेल्या माणसाला विचारून पुढे जावं. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'आधी त्यांना तीन आठवडे वेगवेगळं भेटणारं माणूस शोध. खुर्च्या गोल मांडणं सोपं असतं.'

यंदा, 2026 साली, अधिक ज्येष्ठ आलाय, 17 मे पासून. वहिनीच्या वहीत 34 घरं आहेत. परवा संध्याकाळी गेले तर मावशी खिडकीजवळ अनारसे थापत होत्या. खसखशीवर गोळा, त्यावर बोटांची पुढची टोकं, मधून कडेकडे, एकसारखा दाब. खसखशीची बाजू वर ठेवून त्या तो तुपात सोडतात आणि झाऱ्याने वरून तूप उडवत राहतात, उलटत नाहीत. बोलताना नजर कढईवरच असते.

'किती राहिले?' त्यांनी विचारलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारतात. मुलगा मला कळवतो, मी त्यांना.

'तीन,' म्हटलं. 'एकाने गेल्या आठवड्यात काढला.'

'तीन,' त्या म्हणाल्या, आणि कढईतला अनारसा निथळायला उभा लावून पुढचा गोळा खसखशीवर ठेवला.